गोळीची वेळ घराने सांभाळावी

संपादक महोदय,

गणपतीला चाकरमानी आले की आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. माझा सोळा वर्षांचा भाचा जन्मापासून एचआयव्हीसह जगतो. रोज रात्री नऊला त्याची गोळी असते. पण ओटीवर पाहुणे, माजघरात भजनाची गडबड, त्यात पोराने गोळी काढायची कुठे? गेल्या वर्षी त्या दिवसांत त्याने गोळ्याच घेतल्या नाहीत. मी रागावले नाही. आता नऊ वाजले की 'जरा पाणी काढून दे रे' म्हणून त्याला मागल्या पडवीत हाक मारते. गोळी माझ्या कनवटीला असते.

हे औषध सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतं. ते नेमाने घेतलं तर विषाणू इतका घटतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही. या वयाच्या मुलांना हे घरच्यांनीच स्पष्ट सांगायला हवं. 'माझं लग्न होईल का?' हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच, ती विचारत नाहीत एवढंच. ताट-वाटी वेगळी काढणाऱ्या घरांची मला चीड येते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शाळेलाही असा भेदभाव करता येत नाही.

एक मागणी आहे. शाळकरी मुलांना औषधासाठी सुट्टीच्या दिवशी बोलवावं. एसटीने जाऊन येण्यात शाळा बुडते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कारण सांगावं लागतं.

– एक आत्या, जि. रत्नागिरी
(कृपया नाव छापू नये.)