बाबा, पुस्तकांची कव्हरं काढा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही म्हणालात, हल्ली कोणी वाचत नाही. मी नुसतं ‘हं’ म्हटलं, कारण फोनवर तुमच्याशी वाद घातला की आईला मध्ये पडावं लागतं. आता सवडीने भांडते. माणसं वाचतात हो. पण तीच ती पुस्तकं वाचतात, कारण वाढदिवसाला, बक्षिसाला, निरोपसमारंभाला तीच ती दिली जातात. ‘मृत्युंजय’ला नि पु. लं.ना आपल्या वशिल्याची गरज नाही. वशिला लावायचा तर नाव सगळ्यांनी ऐकलेल्या आणि पान मात्र फारसं कोणी न उलटलेल्या पुस्तकांसाठी लावायचा.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’च घ्या. १८५७चा विषय निघाला की जो तो त्याचं नाव घेतो. वाचलेला असतो तो कुठेतरी दिलेला एखादा उतारा, बहुधा झाशीच्या राणीचा. आणि मग लोकांना वाटतं, ही बंडाची हकीकत आहे. मला ती कधीच तशी वाटली नाही. घरची ओढगस्त, डोक्यावर कर्ज, म्हणून वरसईचा एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघतो. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कानावर आलेलं असतं. बंड त्याला वाटेत आडवं येतं. झाशीला वेढा पडतो तेव्हा तो शहरातच असतो. मिळवलेलं लुटलं जातं, पुन्हा मिळवतो, पुन्हा लुटलं जातं, आणि एवढं सगळं होऊन घरी येतो तो गंगेची कावड घेऊन! इतिहासकार तोफा मोजत असतो तिथे हा गृहस्थ आपण कुठे लपलो आणि पोटात काय गेलं ते सांगतो. भीती वाटली तर वाटली म्हणतो. शौर्याचा आव नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

एक बघून कळवा. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ते छापलं ते भाषेवर आणि मजकुरावर बराच हात फिरवून. भटजींनी लिहिलं होतं तसं पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी संपादित करून १९६६मध्ये आणलं. तुमच्या कपाटात कुठलं आहे? वैद्यांचं असेल तर दुसरं मी पाठवते. भटजींचं बोलणं त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

आई, तुझ्यासाठी एका घरातली दोन पुस्तकं. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर हे तूच मला सांगितलं होतंस. ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३मध्ये केवढी खळबळ उडवली आणि ही बाई कोण म्हणून लोक कसे शोधत होते, तेही तूच रंगवून सांगायचीस. पण त्या खळबळीखाली त्यांची ‘बळी’ झाकली गेली. ज्यांना सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीची ही कादंबरी. मालतीबाईंनी त्या वसाहतींच्या खात्यात काम केलं होतं, त्यामुळे लांबून कीव करणं त्यात नाही. ती १९५० साली आली आणि तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणजे कुंपण उभं असतानाच त्यांनी लिहिलं.

दुसरं त्यांच्या यजमानांचं. विश्राम बेडेकरांनी एकच कादंबरी लिहिली, ‘रणांगण’, १९३९ साली, युद्ध पेटलं त्याच वर्षी. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. चक्रधर आणि ती काही दिवस जवळ येतात. मुंबई आली की तो उतरणार, तिला उतरायला परवानगी नाही. पुढचं सांगत नाही. एवढंसं पुस्तक, पण त्यानंतर निर्वासितांची कुठलीही बातमी मला निव्वळ बातमी म्हणून वाचता येत नाही. समीक्षक त्याला थोर म्हणतात, आणि थोर म्हटलं की लोक ते परीक्षेसाठी ठेवून देतात. प्रेमकथा म्हणून हातात दिली असती तर रात्रीत संपवली असती.

बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन मी बरोबर घेऊन आले आहे, परत मागू नका. फलटणला दुकानात बसल्याबसल्या लिहिलेलं आणि घरच्यांपासून लपवून ठेवलेलं हे लिखाण आधी ‘स्त्री’ मासिकात आणि मग १९८६ला पुस्तकरूपात आलं. स्वतःबद्दल त्या कमीच बोलतात, दलित वस्तीतल्या बायांबद्दल जास्त. सासुरवाशिणींची पानं वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी परत उघडलं.

आता मुद्द्याचं. बाबा, तुम्ही सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली आहेत. पुस्तकं टिकली हे खरं, पण कपाटासमोर उभं राहिलेल्या माणसाला कुठलं काय ते कळत नाही आणि तो वर्तमानपत्र उचलतो. कव्हरं काढा, नाही तर निदान पुठ्ठ्याच्या कडेवर ठळक नावं लिहा. आणि पुस्तक बाहेर द्या. परत येत नाही ही तुमची तक्रार मला पाठ आहे. नाही आलं तर नाही आलं, कोणाच्या तरी घरात ते उघडलं तरी जाईल. देताना ‘फार छान आहे’ म्हणू नका, त्याने कोणी वाचत नाही. ‘झाशीच्या वेढ्यापासून सुरू कर, पहिली पानं नंतर बघ’ असं काहीतरी सांगा.

आईच्या डोळ्यांना बारीक टाइप आता झेपत नाही. तेव्हा रात्री बातम्यांऐवजी तुम्ही मोठ्याने वाचा. ‘रणांगण’पासून करा, लहान आहे. आई, ते भरभर वाचायला लागले की थांबव. कंटाळलात तर तसं कळवा, पुढचं पुस्तक मी सुचवेन.

तुमची लेक