वासरांची सीमा कुठल्या टोकाने उघडावी?

मा. संपादक,

मेक्सिकोतली वासरे अमेरिकेत जाऊ द्यावीत की नाही, या वादाबद्दल आपल्याकडे जे थोडेफार छापून येते, ते बहुतेक गोमांसाच्या भावावर असते. पण सीमा बंद झाली ती एका माशीमुळे, आणि ती उघडायची कशी हेही माशीच्या आयुष्यक्रमावरूनच ठरेल. त्याविषयी थोडे लिहितो.

ही माशी म्हणजे न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म. आपल्याकडे जनावरांच्या जखमेत आसड्या (अळ्या) पडतात, त्या ज्या माश्यांच्या असतात त्यांतल्या एकीची ही दूरची भावकी. साध्या माश्यांच्या अळ्या सडलेले मांस खातात, हिच्या अळ्या जिवंत मांस पोखरतात. मादी जखमेच्या कडेला एका वेळी 200 ते 300 अंडी घालते. ती 12 ते 24 तासांत फुटतात. अळ्या 5 ते 7 दिवस तोंड आत खुपसून खातात, मग खाली पडून मातीत कोष करतात. उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत नवी माशी तयार होते, थंडीत हाच काळ दोन महिन्यांपर्यंत लांबतो. हिला मोठी जखम लागत नाही, गोचिडाचा चावा पुरतो.

आता निर्यातीचे वासरू पाहा. अमेरिकेत जाणारे नर खच्ची केलेले असावे लागतात, कालवडींची बीजांडे काढलेली असावी लागतात, कानात बिल्ला लागतो. शिंगे काढणे आणि डाग देणे यांच्याही जखमा असतात. म्हणजे निर्यातीची तयारी हीच माशीला आमंत्रण असते. म्हणून पहिली अट कागदाची नसून जखमेची हवी: सगळ्या जखमा कोरड्या होऊन खपली गळाल्याशिवाय वासरू ट्रकमध्ये चढता कामा नये.

नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झालेली सीमा फेब्रुवारी 2025 मध्ये पहिल्यांदा पुन्हा उघडली, तेव्हा उत्तर मेक्सिकोत चिवावातील सान हेरोनिमो आणि सोनोरातील आग्वा प्रिएता येथे तपासणीचे वाडे केले गेले. वाड्यात येण्यापूर्वी पशुवैद्यकाने तपासून औषध द्यायचे, वाड्यात पुन्हा तपासायचे आणि शेवटी जनावर औषधी पाण्याच्या हौदातून काढायचे, अशी पद्धत होती. ती चांगली होती, पण तिच्या मर्यादा ओळखायला हव्यात. हौदाने गोचीड मरते, खोल जखमेतल्या अळीची खात्री त्याने देता येत नाही. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचे औषध कोवळ्या अळ्यांवर चालते, आत मुरलेल्या मोठ्या अळ्या त्याने हमखास मरतील असे नाही. त्याच जातीचे डोरामेक्टिन जास्त टिकते. 1 टक्का द्रावण 50 किलो वजनाला 1 मिली या हिशेबाने कातडीखाली देतात, पण वजन डोळ्याने जोखले आणि मात्रा कमी पडली तर उपयोग नाही. सर्वांत मोठी फट पहिल्या दिवसाची. अंडी म्हणजे केसांना चिकटलेला पांढुरका थर, आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या एक-दोन मिलिमीटरच्या. पळत्या कळपाकडे कुंपणावरून पाहून त्या सापडणार नाहीत. त्यासाठी प्रत्येक वासरू अडकवणीत घ्यायचे, नाळेची जागा, कानामागचा भाग, शेपटीचे मूळ आणि खच्चीकरणाची जागा हाताने चाचपायची. हे दोनदा करायचे, मध्ये 7 दिवस ठेवून. सात यासाठी की तोवर आत असलेली अळी एकतर दिसण्याएवढी मोठी होते किंवा गळून पडते. गळून पडते म्हणूनच वाड्याची जमीनही कोरडी, खरवडता येईल अशी हवी. ओल्या शेणमातीत सात दिवस ठेवणे म्हणजे कोष पोसणे.

हे सगळे केले तरी प्रश्न सीमेवर सुटत नाही. माशी स्वतःच्या पंखांनी सहसा काही किलोमीटर जाते, आसड्या पडलेले जनावर ट्रकमधून एका रात्रीत हजार किलोमीटर जाते. नोव्हेंबर 2024 मध्ये मेक्सिकोच्या दक्षिण टोकाच्या चियापासमध्ये रोग सापडताच अमेरिकेने आयात थांबवली. फेब्रुवारीत उघडली, 11 मे 2025 ला पुन्हा बंद केली. मग 7 जुलैला फक्त अॅरिझोनातील डग्लस नाका उघडला आणि पुढचे नाके टप्प्याटप्प्याने सप्टेंबरपर्यंत, शेवटी टेक्सासमधील लारेडो, असे वेळापत्रक ठरले. दोनच दिवसांत, 9 जुलैला, तेही थांबले, कारण व्हेराक्रूझमधील इश्वात्लान दे मादेरोत एक जनावर बाधित निघाले. ते गाव सीमेपासून 370 मैल, म्हणजे सुमारे 600 किमी, आणि डग्लसपासून तर दीड हजार किलोमीटरहून दूर. सोनोराच्या पशुपालकांनी विचारले, तिकडच्या माशीची शिक्षा आमच्या वासरांना का? प्रश्न रास्त होता. पण सप्टेंबर 2025 मध्ये न्वेवो लेओनमधील साबिनास इदाल्गो येथे, सीमेपासून 70 मैलांच्या आत, एक वासरू बाधित निघाले, आणि प्राथमिक माहितीप्रमाणे ते दक्षिणेच्या बाधित भागातून प्रमाणित फीडलॉटमध्ये (वासरे पोसून वजन वाढवण्याच्या मोठ्या गोठ्यात) आणलेले होते. माशी एवढी उडाली नव्हती. तिला आणले होते.

म्हणून आमचे मत असे, की नाका उघडताना अंतर पाहू नये, वासराचा उगम पाहावा. डग्लस-आग्वा प्रिएता प्रथम, कारण सोनोरात बाहेरच्या जनावरांवर निर्बंध आधीपासून कडक आहेत. तिथेही जन्मापासून त्याच राज्यात असलेले, त्या राज्याचा बिल्ला असलेले वासरूच घ्यावे. पूर्वेकडचे डेल रिओ आणि लारेडो अगदी शेवटी. आणि एका राज्यात रोग निघाला तर त्या राज्याची वासरे थांबवावीत. सगळी सीमा बंद करायची वेळ तेव्हाच, जेव्हा उगमाचे कागद खोटे निघतील.

अमेरिकेतले पशुपालकही यात एकमताचे नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे. वर्षाला साधारण 12 लाख मेक्सिकन वासरे टेक्सास आणि आसपासच्या फीडलॉटमध्ये पोसली जात. आयात थांबल्यावर त्या फीडलॉटचे गोठे ओस पडले. गाई पाळून वासरे विकणाऱ्यांना मात्र वाढलेला भाव मिळतो, कारण 1 जानेवारी 2025 ला तिथल्या गोवंशाची संख्या 8 कोटी 67 लाखांवर, 1951 नंतरच्या नीचांकावर होती. पण टेक्सासच्या जुन्या पशुपालकांना 1972 साल आठवते. त्या एका वर्षात तिथे 90 हजारांहून अधिक बाधित जनावरे सापडली होती.

खरा उपाय तेव्हाही माहीत होता. मादी आयुष्यात एकदाच जोडीदार घेते, म्हणून किरणोत्सर्गाने वांझ केलेल्या माश्या विमानातून सोडायच्या, म्हणजे वांझ नराशी जुळलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ निपलिंग आणि बुशलँड यांची ही कल्पना 1954 मध्ये क्युरासाओ बेटावर सिद्ध झाली, आणि 1991 पर्यंत मेक्सिको मुक्त झाला. पुढे पनामाच्या चिंचोळ्या पट्टीत वांझ माश्यांची भिंत उभी राहिली. आता रोग त्या भिंतीच्या उत्तरेला पसरला आहे आणि पनामाचा कारखाना आठवड्याला सुमारे 10 कोटी माश्याच देतो. एके काळी चियापासमधील कारखाना 50 कोटींपर्यंत देई, तो बंद केला गेला. बैल गेला आणि झोपा केला, तसे 2025 मध्ये चियापासमधीलच मेतापा येथे 6 ते 10 कोटींचा आणि टेक्सासमध्ये 30 कोटींचा कारखाना उभारायचे ठरले. तेवढ्या माश्या हाती येईपर्यंत सीमा उघडणे म्हणजे दर आठवड्याला नव्याने जोखीम तोलणे, हे दोन्हीकडच्यांनी आधीच मान्य करावे.

आपल्या राज्याने 2022 मध्ये लम्पीच्या वेळी जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद केली तेव्हा हाच गुंता होता: कुठले जनावर कुठून आले ते सांगता येत नव्हते. आता 12 अंकी बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, हे चांगलेच. बाजार समित्यांनी त्यात एवढीच भर घालावी की पावती फाडताना बिल्ल्याचा क्रमांक आणि जनावर ज्या गावातून आले त्याचे नाव तिथेच संगणकात चढवावे, आणि जखम असलेले जनावर आवारात घेण्याआधी फाटकाजवळ वेगळे बांधावे.

— अहिल्यानगर जिल्ह्यातील तीन निवृत्त पशुवैद्यक