गॅसमागचा पाव

त्वेर (रशिया), 14 जानेवारी

ती. बाबा, सौ. आई आणि आजीस,
सा. न. वि. वि.

आधी तब्येत. खोकला गेला. खरंच गेला, दादाने ऐकला तो मागच्या आठवड्यातला. बाहेर उणे 18 आहे, पण घरात गरम पाण्याचे पाइप इतके तापतात की मी खिडकी किलकिली ठेवून बसते. जेवणाचं तुम्हाला माहीतच आहे. आज संक्रांत म्हणून आम्ही तिघींनी तीळ भाजले. गूळ नव्हता, मधात वळायला गेलो, तर लाडवांची चटणी झाली. तरी गोड बोला.

आई, हॉस्टेल का सोडलं हे तू दोनदा विचारलंस. भांडण नाही, मुलगा नाही. अभ्यासाला शांतता हवी होती. भाडं तिघींत वाटलं की हॉस्टेलपेक्षा फार जास्त पडत नाही. थोडं पडतं.

घरमालकीण आजीच्याच वयाची, शेजारच्या खोलीत राहते. आम्ही आलो त्या दिवशी तिने आधी मांजर आत सोडलं, मग गॅसच्या शेगडीमागे बशीत पाव-मीठ ठेवलं. घराच्या राखणदाराला, दोमोवोयला. बशी अजून तिथेच आहे, पाव ती बदलते.

पण तिचा खरा नियम वेगळा. प्रवासाला निघताना बसायचं. बॅगा भरल्या, कोट-टोप्या चढवल्या, टॅक्सी खाली उभी, आणि आता सगळ्यांनी बसायचं. खुर्चीच लागते असं नाही, बॅगेवर बसलं तरी चालतं. बोलायचं नाही. मिनिटभराने मोठ्या माणसाने म्हणायचं, ‘देव बरोबर असो’, की उठायचं. आणि काही विसरलं म्हणून परत आलात तर आरशात बघितल्याशिवाय पुन्हा बाहेर पडायचं नाही. मॉस्कोची गाडी चुकेल म्हणून मी दाराशी चुळबुळत होते, तर तिने माझी बाही धरून मला बुटांच्या फळीवर बसवलं. तिचं म्हणणं, आपण निघालो हे घराला कळता कामा नये. बसलेलं माणूस बघून त्याला वाटतं कुणी कुठे जात नाही. कोटात घाम फुटला होता, पण त्या मिनिटात मला पासपोर्ट टेबलावर राहिल्याचं आठवलं. म्हणजे उपयोग आहे. आजी, तू हातावर दही ठेवतेस ना, तसंच हे. फक्त दही नाही.

मी रात्री दोनला ऑनलाइन दिसते, ही दादाची चुगली. हो, वाचत होते, अभ्यास झाल्यावर. कॅथरीन आर्डेन म्हणून लेखिका आहे, अमेरिकन, पण मॉस्कोत राहून रशियन शिकलेली. तिच्या तीन कादंबऱ्यांची मालिका आहे, त्यातली ‘द विंटर ऑफ द विच’ ही शेवटची, 2019 ची. गोष्ट चौदाव्या शतकातली. वास्या नावाच्या मुलीला घरातली, रानातली भुतं दिसतात. आजी, तुला सगळी ओळखीची निघतील. रानात वाट चुकवणारा लेशी म्हणजे आपला चकवा. त्याने घेरलं तर कपडे उलटे घालायचे, असा इथला उपाय. पाण्यात ओढणारा वोद्यानोय म्हणजे खाडीतला गिऱ्हा. यांना पळवायला मांत्रिक लागत नाही. लोकांनी पाव ठेवायचं सोडलं की ती आपोआप विरत जातात.

शेवटच्या भागात सुरुवातीलाच तिचा घोडा मारतात. मी रडले, फार्माकॉलॉजीच्या वहीवर. पुढे सगळं कुलिकोवोच्या लढाईपाशी येतं. ही लढाई खरी: 8 सप्टेंबर 1380, मॉस्कोचा राजा दिमित्री डॉन नदीकाठी ममाई या तातार सरदाराच्या फौजेशी लढला. दोन्ही सैन्यांच्या मधे द्वंद्व खेळून पडलेला पेरेस्वेत नावाचा साधू कथांमध्ये आहे, त्याला लेखिकेने वास्याचा भाऊ केलंय. भुतंही दिमित्रीच्या बाजूने लढतात. बदल्यात वास्या मागते एवढंच, की चर्चची घंटा वाजू दे आणि चुलीमागचा पावही राहू दे. कुणाला हा शेवट फार गोड वाटेल. मला पटला. दोनच वर्षांनी, 1382 मध्ये, तातारांचा खान तोख्तामिश याने मॉस्को जाळलं. पण लेखिका शहाणी, आधीच थांबली.

इथे व्होल्गाकाठी अफनासी निकितिन या व्यापाऱ्याचा पुतळा आहे, तोच, ज्याच्या नावाचा स्तंभ आपल्या रेवदंड्यात आहे. पंधराव्या शतकात हा माणूस इथून निघून आपल्या चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला. परतताना स्मोलेन्स्कजवळ वारला, त्वेर थोडक्यात राहिलं. मी तशी अर्ध्यात राहणार नाही, काळजी नको. उन्हाळ्यात येईन म्हटलं होतं, पण तिकिटाचे पैसे बघता पुढच्या वर्षीचंच धरा. गणपतीला व्हिडिओवर आरतीला असेनच.

पनवेलच्या स्थळाचं: मुलगा चांगला असेल, मी कुठे नाही म्हणते? पण इंटर्नशिपपर्यंत कुणालाही शब्द देऊ नका. वास्यापुढेही दोनच वाटा ठेवल्या होत्या, लग्न नाहीतर मठ. मी तसं काही म्हणत नाहीये, उगाच आठवलं.

आता पैसे. फेब्रुवारीचा हप्ता बाकी आहे. दोन मुलांना ऑनलाइन बायोलॉजी शिकवते, त्यातून भाडं निघतं, म्हणजे बरंचसं निघतं. बाबा, सुपारीच्या वाडीला गिऱ्हाईक आलंय हे मला तुमच्याकडून नाही, दादाकडून कळलं. माझ्या फीसाठी असेल तर विकू नका. मी कॉलेजात हप्ता दोन भागांत करून मागते, सोमवारी जाणार आहे. आणि तरीही विकावीच लागली, तर विहिरीकडचा तुकडा तेवढा ठेवा. राखणदाराचा नारळ आजी तिथे ठेवते.

पैसे पाठवलेत तर बँकेची पावती दादाला फोटो काढून टाकायला सांगा. मागच्या वेळचा फोटो उलटा होता.

तुमची,
बेबी