रिकाम्या पोटीची साखर पुरेशी नाही

महोदय,

‘रिकाम्या पोटीची साखर १००च्या आत असली की निश्चिंत राहा’ हा रविवार पुरवणीतील मधुमेहविषयक लेखातला सल्ला अर्धवट आहे. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवते. ही ओढाताण काही वर्षे चालते आणि तोवर अहवाल ‘नॉर्मल’च येतो. म्हणून कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी; ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी) एकत्र पाहावेत.

‘साखर बंद’ हा उपायही तोकडाच. चमचाभर साखर सोडून पेलाभर फळांचा रस घेतला, तर पदरात काय पडले? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ या अभ्यासात एका गटासाठी ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट होते. त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसासाठी ही ७ टक्के वजनघट जेमतेम साडेपाच किलोंची. जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चालण्याने स्नायू साखर थेट उचलतात. लेखात त्याचा उल्लेखही नसावा, हे खटकले.

– एक वाचक