नववी-दहावीची पोरं, चॅटबॉट आणि सोलापूर: जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय: किशोरवयीन मुलांच्या चॅटबॉट-वापरातले धोके आणि जिल्हा समितीने करायची कामं

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मंत्रालयात न पाठवता आपल्याला लिहितो आहोत, त्याला कारण आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संनियंत्रण समिती असावी असं म्हटलं आहे. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, त्याहून लहान संस्थेची बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, हेही त्यातच आलं. खासगी क्लासेसही सुटलेले नाहीत. तेव्हा अधिकार आपल्या टेबलावर आहे. चॅटबॉटचा विषय मात्र समितीला त्यात मुद्दाम घालावा लागेल.

आधी धोका नेमका कुठे आहे ते सांगतो, कारण 'मोबाइलचं व्यसन' या एका पोत्यात सगळं भरलं की उपायही चुकीचेच सुचतात.

चॅटबॉट म्हणजे पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधणारी यंत्रणा. तिला वळण लावताना माणसांना दोन उत्तरं दाखवून 'यातलं बरं कोणतं?' असं विचारतात, आणि आपलं म्हणणं उचलून धरणारं उत्तर कुणालाही बरंच वाटतं. अशानं होला हो म्हणायची खोड तिच्यात मुरते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक अपडेट इतकं खुशमस्करं निघालं की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला ते काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. मोठ्या माणसाला ही तोंडपुजी ओळखू येते. चौदा वर्षांच्या पोराला ती मैत्री वाटते. 'आई मला समजूनच घेत नाही' असं लिहिलं की उत्तर येतं, 'तुला किती एकटं वाटत असेल.' या वाक्यात तसं चुकीचं काही नाही. पण समोर मावशी असती तर तिनं विचारलं असतं, 'काय झालं? जेवलास का? मी बोलू का तिच्याशी?' चॅटबॉट आईला फोन करत नाही.

दुसरी अडचण लांबलेल्या गप्पांची. मुलानं नवं वाक्य टाकलं की त्याआधीचा संवादही यंत्रणेला पुन्हा वाचायला दिला जातो. संवाद जितका लांब, तितका त्याचा सूर वरचढ ठरतो. पहिल्या पाच मेसेजांत हेल्पलाइन सुचवणारा बॉट दोनशे मेसेजांनंतर मुलाच्याच निराशेत सूर मिसळू शकतो. लांब संभाषणात सुरक्षेची बंधनं सैल पडू शकतात, हे ओपनएआयनं ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच मान्य केलं. कॅलिफोर्नियातल्या १६ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या पालकांनी कंपनीवर दावा लावला तोही त्याच महिन्यात. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, फ्लोरिडातल्या १४ वर्षांच्या मुलाच्या आईनं कॅरेक्टर.एआयवर, म्हणजे काल्पनिक पात्रांशी गप्पा मारायचा चॅटबॉट चालवणाऱ्या कंपनीवर, दावा केला होता. त्या कंपनीनं पुढे, नोव्हेंबर २०२५ मध्ये, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोकळ्या गप्पाच बंद केल्या.

आपल्या यंत्रमागावर बाण्याचा (आडवा) धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि कामगाराला यावं लागतं. चॅटबॉटला अशी सोय जन्मतः नाही. आमची सगळी मागणी याच एका जागेपाशी आहे: पोर आतून तुटायला लागलं की ते यंत्राकडून माणसाकडे कसं पोचेल?

आता सोलापूरचं बोलू. आपली मुलं शुद्ध मराठीत टाइप करत नाहीत. मराठी, हिंदी, मधेच तेलुगू नाहीतर कानडी, आणि सगळं इंग्रजी अक्षरांत. सुरक्षेच्या चाचण्यांत इंग्रजीवर जेवढी मेहनत होते तेवढी या मिश्रणावर होत नाही. 'लई कटाळा आलाय सगळ्याचा' या वाक्यात कटाळा म्हणजे करमत नाही असंही असेल, किंवा जगण्याचाच वीट आला असंही असेल. घरचं माणूस आवाजावरून ओळखतं. बॉट कागदी अर्थ धरतो आणि चित्रकलेचा छंद लावून घ्यायला सांगतो.

पालक-नियंत्रणाची कथा याहून गमतीची. चॅटजीपीटीत सप्टेंबर २०२५ पासून ही सोय आहे, पण ती चालायला पालकाचं एक आणि मुलाचं एक अशी दोन वेगळी खाती लागतात, आमंत्रण पाठवून ती जोडावी लागतात. विडी कामगाराच्या किंवा माग चालवणाऱ्याच्या घरात स्मार्टफोन बहुधा एकच, खातं वडिलांच्या नावावर, आणि रात्री साडेदहानंतर तो पोराच्या हातात. यंत्रणेच्या लेखी समोर चाळीस वर्षांचा बाप्या बसलाय! शिवाय व्हॉट्सॲपमधलं मेटा एआय या चॅटबॉटचं निळं वर्तुळ कुणी डाउनलोड केलेलं नाही आणि ते काढूनही टाकता येत नाही.

कायद्याच्या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत. शिवाय तो कायदा माहितीपुरता आहे, गप्पांत काय बोललं जातं ते त्याच्या कक्षेत येत नाही.

म्हणून शाळा. आणि शाळेत पहिली गोष्ट, मोबाइल हिसकावून घेऊ नका. हिसकावला की मूल संवाद पुसून टाकतं, काय चाललं होतं हे कळायची वाट बंद होते, आणि त्याला मोकळं व्हायला उरलेली एकमेव जागाही जाते. शिक्षकानं तीन प्रश्न विचारावेत, तेही एकट्यात: साधारण किती वाजता बोलतोस? ते तुला काय सांगतं? हे अजून कुणाला माहीत आहे? उत्तर 'रात्री एक-दीड' आणि 'कुणालाच नाही' असं आलं तर काळजीचं कारण आहे. गृहपाठाला, शंका विचारायला वापरणारी मुलं वेगळी, त्यांना या यादीत ओढू नये. बॉटला नाव ठेवणं, तो बंद पडला की चिडचिड, पहिल्या तासाला डुलक्या, जुन्या मित्रांशी बोलणं तुटणं, या खुणा एकत्र दिसल्या तर बघावं.

मग चौथा प्रश्न, जो विचारायला शिक्षक घाबरतात: 'जीव नकोसा वाटतो का? मरावंसं वाटतं का?' असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच मुलाला हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नये. पालकांना बोलवावं, मुलाला शेजारी बसवून १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन लावावा, आणि त्याच दिवशी सिव्हिलच्या मनोविकार विभागात न्यावं. 'परीक्षा झाली की बघू' चालणार नाही. घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं कुलपात, किल्ली मोठ्या माणसाकडे. सांगोला, पंढरपूरकडच्या डाळिंब-द्राक्षवाल्या घरांत हे पालकांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, आडून सुचवून भागत नाही. दुसऱ्या दिवशी एक फोन, आठवड्यानं आणखी एक. हे दोन फोन कुणी करायचे त्याचं नाव आधीच ठरलेलं हवं. नाहीतर ते होत नाहीत.

समितीकडून आम्हाला हवं आहे ते असं. अकराही तालुक्यांतल्या माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं आणि क्लासेसची यादी करून प्रत्येकापुढे समुपदेशकाचं नाव लिहावं. शंभराच्या आतल्या संस्थेपुढे जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं किंवा किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकचं नाव असावं. रकाना रिकामा असेल तर रिकामाच दाखवावा, 'कार्यवाही सुरू' असं लिहून भरू नये. प्रत्येक ओळखपत्राच्या मागे १४४१६ आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन नंबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापावेत. ओळखपत्रं दरवर्षी छापली जातातच, जादा खर्च शाईचा.

आणखी एक काम आहे, ते कुणी केल्याचं आमच्या पाहण्यात नाही. सोलापुरी बोलीतली, 'कटाळा आलाय'सारखी चाळीस वाक्यं समुपदेशकांनी काढून द्यावीत. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाच्या मदतीनं, प्रौढांनीच, नव्या खात्यावरून ती पाच प्रचलित चॅटबॉटना विचारावीत. एकदा संवादाच्या सुरुवातीला, एकदा पन्नास मेसेजांनंतर. मदत सुचवली का, भारतातला नंबर दिला का, बोलणं पुढे रेटलं का, एवढंच नोंदवावं आणि तो तक्ता कंपन्यांना व केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला पाठवावा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सहीनं गेलेल्या तक्त्याकडे दुर्लक्ष करणं सोपं नसतं. शिक्षक-प्रशिक्षणात याच उत्तरांचे स्क्रीनशॉट दाखवावेत. स्लाइडवरच्या व्याख्यांनी कुणाचं काही हलत नाही.

'एआय समुपदेशक' ॲप शाळांना द्यायचे प्रस्ताव आपल्याकडे येतील, कदाचित आलेही असतील. त्यांना एवढंच विचारा: मुलानं रात्री दीड वाजता 'मला जगायचं नाही' असं लिहिलं, तर पुढच्या दहा मिनिटांत कोणत्या माणसाचा फोन वाजतो? त्याचं नाव आणि नंबर अर्जात नसेल तर प्रस्ताव परत करावा.

बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर शाळांना दुसरं काही सुचत नाही. त्यामुळे समितीची या विषयावरची बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी लावावी. वाक्यांची यादी करून द्यायला आणि पहिल्या प्रशिक्षणाचे दोन तास विनामोबदला घ्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
सोलापुरातील काही समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ आणि माध्यमिक शिक्षक