आयोवातल्या खुर्च्या आधीपासून भरलेल्या होत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कवरचा आपल्या क्रीडा पानावरचा लेख मी इथे अमेरिकेत कोरलव्हिलमध्ये, म्हणजे तिच्या आयोवा विद्यापीठाच्या शेजारच्याच गावात बसून वाचला. कॉलेजच्या संघातून पुढे आलेल्या एका मुलीला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली, याचा फार आनंद झाला. पण लेखाचा एकूण सूर असा होता, की महिलांच्या बास्केटबॉलकडे आधी कोणी ढुंकूनही बघत नव्हतं आणि एकट्या क्लार्कने ते रातोरात उभं केलं. हे खरं नाही. तिला मोठं ठरवायला त्याची गरजही नाही. म्हणून हे पत्र.

३ फेब्रुवारी १९८५ रोजी इथल्या कार्व्हर-हॉकआय अरीनात आयोवा आणि ओहायो स्टेट यांच्या मुलींचा सामना होता. जागा साधारण साडेपंधरा हजारांची, आत शिरले २२,१५७ लोक. तेव्हा आयोवाच्या प्रशिक्षक होत्या व्हिव्हियन स्ट्रिंगर. क्लार्कचा जन्म २००२ चा, म्हणजे या सामन्यानंतर सतरा वर्षांनी.

आणखी मागे गेलं तर इथला मुलींचा सहा जणींचा खेळ लागतो. शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा आयोवात १९२० पासून भरते आहे. संघात तिघी फॉरवर्ड आणि तिघी गार्ड. मैदानाची मधली रेषा कोणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा आणि बास्केट फक्त फॉरवर्डनी करायची. हा प्रकार इथे १९९३ पर्यंत चालला. माझ्या शेजारच्या आजी शाळेत असताना गार्ड होत्या. त्यांनी एकाही सामन्यात बास्केटच्या दिशेने चेंडू टाकला नाही, कारण नियमच तसा होता. तरी सामन्याच्या संध्याकाळी अख्खं गाव जिममध्ये असायचं, हे त्या आजही अभिमानाने सांगतात. क्लार्क स्वतः रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेऊन पुढे न्यायला निघायची, तेव्हा बाकी सगळ्यांची नजर चेंडूवर असायची आणि आजींची तिच्या पायांवर. रेषा ओलांडली की त्या टाळी वाजवायच्या, बास्केट होवो न होवो. अशा बायका कार्व्हरमध्ये रांगेने बसलेल्या मी पाहिल्या आहेत. क्लार्क दे मॉइनची. आपल्याच राज्याच्या विद्यापीठात ती खेळायला आली, ती या प्रेक्षकांसमोर. तिच्या आधी, २०१९ मध्ये, आयोवाचीच मेगन गुस्ताफसन देशातली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली होती, हेही लेखात यायला हवं होतं.

क्लार्कच्या खेळाबद्दलही थोडं लिहिते. आपण तिचे कॉलेजमधले गुण मोजलेत: एकूण ३,९५१. लांबून, मैदानाच्या मधल्या लोगोपासून टाकलेले तिचे थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून केलेली तीन गुणांची बास्केट) जगभर गाजले, तेही योग्यच. पण मला विचाराल तर तिचा खरा अलंकार पास हा आहे. मोनिका झिनानो ही सेंटर संघात होती तेव्हाचं सांगते. झिनानोने बास्केटजवळ अंगाने बचावपटूला मागे रोखलं, की तिचा हात पुरता वर जायच्या आत चेंडू तिथे पोहोचलेला असायचा. क्लार्कवर दोघी धावून आल्या, की मोकळी राहिलेली तिसरी कोण हे तिला आधीच ठाऊक असायचं. कॉलेजच्या कारकिर्दीत तिचे १,१४४ असिस्ट, म्हणजे ज्यांवर सहकारी खेळाडूने बास्केट केली असे पास, झाले. २०२१-२२ च्या हंगामात गुण आणि असिस्ट या दोन्हींच्या सरासरीत ती देशात पहिली होती. कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, महिलांपैकी हे तिच्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनविरुद्ध कारकिर्दीतल्या एकूण गुणांचा महिलांचा विक्रम मोडला, त्या रात्री तिने ४९ गुण केले हे सगळ्यांनी छापलं. त्याच रात्रीचे १३ असिस्ट बहुतेकांनी सोडून दिले.

आता त्या विक्रमाबद्दल. त्या रात्री मोडला तो केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा. पण कॅन्ससच्या लिनेट वुडार्डने १९८१ मध्येच ३,६४९ गुणांवर कारकीर्द संपवली होती. तेव्हा थ्री-पॉइंटरची रेषा नव्हती, चेंडूही पुरुषांच्याच मापाचा होता. महिलांच्या स्पर्धा तेव्हा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवायची. पुढे एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेने, त्या ताब्यात घेतल्या आणि आधीचे गुण आपल्या वहीत धरलेच नाहीत. म्हणजे वुडार्ड खेळली, जिंकली, पण क्लार्कने विक्रम मोडला तेव्हाही अधिकृत यादीत ती नव्हती! मला याचा मनापासून राग येतो. क्लार्कने वुडार्डला मागे टाकलं ते मिनेसोटाविरुद्ध, फेब्रुवारीच्या शेवटी, आणि खरा विक्रम तोच असं आयोवाच्या तेव्हाच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी उघडपणे सांगितलं. ३ मार्चला पुरुषांमधला विक्रमवीर पीट मॅराविच याचा ३,६६७ चा आकडा पार झाला, तेव्हा वुडार्ड स्वतः कार्व्हरमध्ये हजर होत्या.

क्लार्कच्या पहिल्या वर्षी काय परिस्थिती होती, हेही आपल्या वाचकांना कळायला हवं. करोनामुळे स्टेडियम जवळजवळ रिकामी होती आणि गुणांच्या सरासरीत ही मुलगी देशात पहिली येत होती. मार्च २०२१ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सॅन अँटोनियोत झाली. पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा, महिलांना डंबेल्सचा एक छोटा स्टँड. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने त्याचा व्हिडिओ टाकला तेव्हा आयोजकांना जाग आली. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा महिलांच्या स्पर्धेला २०२२ मध्ये मिळालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यातला महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला प्रेक्षक होते सुमारे १ कोटी ४८ लाख. आयोवा हरली, पण एवढे प्रेक्षक पहिल्यांदाच महिलांच्या बाजूने झुकले. यात क्लार्कचा वाटा सर्वांत मोठा, हे मी मनापासून मानते. मात्र समोर प्रशिक्षक डॉन स्टेली यांचा, हंगामात एकही सामना न हरलेला संघ होता. आदल्या वर्षी अंतिम फेरीत एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) एंजल रीस होती. अशा तोडीस तोड खेळाडू समोर होत्या, म्हणून लोक टीव्हीपुढून हलले नाहीत.

पुढच्या वेळी आपण विक्रमांची चौकट छापाल, तेव्हा क्लार्कच्या खाली दोन नावं जरूर घ्यावीत, ही विनंती: लिनेट वुडार्ड, ३,६४९ आणि लहान कॉलेजांमधून खेळलेली पर्ल मूर, ४,०६१. मूरचा आकडा क्लार्कपेक्षा मोठा आहे, तेव्हा तिचं नाव खरं तर वरच छापावं लागेल.

आपली,
एक नियमित वाचक,
कोरलव्हिल, आयोवा