लेख अडला की मोंढ्यात जा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

आमच्या लातूर भागात आता बरीच पोरंपोरी लेख लिहून चार पैसे कमवायलेत, कुणी पुरवणीला लिहितं, कुणी शेतीच्या वेबसाईटला, कुणी पुढाऱ्याच्या नावानं वाढदिवसाचे लेख लिहून देतं, आणि सगळ्यांची तक्रार एकच की लिहायला बसलं की सुचतच नाही. त्यावर सल्ले बी ठरलेले, फिरून या, गाणी ऐका, पहाटे उठा, मूड बनवा. मी बी पैशासाठीच लिहितो अन माझं मत सरळ आहे, कवितेचं कवीलोकांना विचारा पण पैशाच्या लेखात न सुचणं हा मूडचा विषयच नाही. माहिती संपली की लेख अडतो. ऑर्डर आठशे शब्दांची अन आपल्याकडं माल तीनशे शब्दांचा, मग उरलेले पाचशे येणार कुठून?

सोयाबीनचंच घ्या. हमीभावावर लेख द्या म्हणून फोन येतो. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल, त्याच्या आदल्या वर्षी ४८९२, म्हणजे वाढ ४३६ ची. झालं, दोन ओळी संपल्या अन पुढं नुसतं "बळीराजा हवालदिल" सुरू होतं. अशा वेळी पंख्याकडं बघत बसण्यापेक्षा सकाळी उठून मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जावं. हमालाशी बोलावं, आडतीवर जरा टेकावं, ओलावा कसा मोजतात ते बघावं. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते, काढणीत पाऊस लागला की माल त्यात बसत नाही, मग वाळवायला जागा कुठली, बारदाना (रिकामी पोती) नसला की किती थांबायचं, आणि ज्याच्या डोक्यावर खत-बियाण्याची उधारी आहे तो थांबूच शकत नाही म्हणून हमीभावाच्या खाली विकून मोकळा होतो. एवढं डोळ्यानं बघून आलं की उलट आठशे शब्दांत बसवायची पंचाईत होती.

खरी परीक्षा असते ती दरवर्षी येणाऱ्या विषयांची. आपल्याकडं सप्टेंबरातच दोन येतात, १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन अन ३० ला किल्लारीचा भूकंप. किल्लारीचा लेख कुणाचाही काढा, १९९३ साल, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन, काळाचा घाला. खोटं काहीच नाही त्यात, पण वाचणाऱ्याला पाठ झालंय अन लिहिणाऱ्यालाही, म्हणून तर हात चालत नाही. मी एका साली हा सगळा भाग सोडून दिला आणि जुन्या गवंड्याकडं जाऊन फक्त माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचं, विचारलं. दगडमातीच्या रुंद भिंती, चुन्या-सिमेंटचा पत्ता नाही, वर लाकडं अन त्यावर मातीचा थर, पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर अजून माती, असं करत करत छताचं वजन वाढतच जायचं. उन्हाळ्यात गार म्हणून ज्या घराचं कौतुक तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. मग नव्या गावात लोक सिमेंटच्या घरात गेले तर तिथं उकाडा कसा, जनावरं कुठं बांधायची, बसायला ओसरीच नाही, असे प्रश्न निघत गेले अन लेख आपोआप पुढं सरकला. विषय जुनाच, प्रश्न तेवढा एकच धरला होता, अन तो बी साधा.

बाकी बारीकसारीक उपाय आहेत. सुरुवातीची ओळ शेवटी लिहावी, जे नक्की माहित आहे तिथून हात घालावा. टाईप होत नसलं तर मोबाईलवर बोलावं, जसं पारावर कुणाला सांगतो तसं, नंतर साफ करता येतं (आपलं "करायलोय" मोबाईलला कळत नाही हा भाग वेगळा). एआयकडून लिहून घ्यायचं म्हणाल तर वेळाअमावस्येवर (शिवारात जाऊन जेवायचा आपला सण) मागवून बघा, उत्साह, परंपरा, निसर्गाशी नातं असं सगळं येतं, पोंगलला बी चालेल अन बैसाखीला बी. कडब्याची कोपी, पाच पांडवांचे दगड, भज्जीत कुठल्या कुठल्या शेंगा पडतात, हे शिवारात जेवलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

आता तुमच्याकडची बाजू. मागच्या लेखाचं मानधन आलेलं नसलं की पुढच्या लेखाला बोटच उठत नाही, अन ह्याला बी लोक "सुचत नाही" म्हणतात. नवीन पोरांना सांगतो की उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून घ्या, छोट्या उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं छोट्या सेवा देणाऱ्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतात, निदान बिल पाठवताना आवाज तरी निघतो. दुसरं म्हणजे संध्याकाळी फोन करून सकाळी लेख मागायची पद्धत. तारखा तर कॅलेंडरवर छापलेल्याच असतात, त्या काय अचानक येत नाहीत. रातोरात मागितलेला लेख घरात बसूनच लिहिला जाणार, अन घरात बसून लिहिला की तो मागच्या वर्षीसारखाच होणार, मग तुम्हीच म्हणणार की मराठवाड्यातून नवीन काही येत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की विषय आठ-पंधरा दिवस आधी कळवत जा, शब्द किती ते सांगता तसं नेमकं काय पाहिजे ते बी सांगा, आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं मानधनात धरता आलं तर बघा. वेळाअमावस्येचा लेख कुणाला द्यायचा असेल तर आत्ताच सांगून ठेवा, आंबिलीचं पीठ ताकात कालवतात त्या दिवशी कुणाच्या तरी घरी जाऊन बसावं लागेल.

आपला,
एक वाचक, औसा (जि. लातूर)